एकेकाला ऐक

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी पोहोचले. ते तीन वेळा वाचले आणि उत्तर लिहायला आठवडा घेतला, कारण त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर रागाच्या भरात काहीबाही लिहून गेलो असतो. तुझ्या पथकात बासष्ट मुले आहेत, त्यांतली वीस-बावीस चांगली वाजवतात, डिसेंबरात आंतरशालेय स्पर्धा आहे, आणि पर्यवेक्षकांनी तुला सुचवले आहे की उरलेल्यांना गणवेश चढवून रांगेत उभे करावे, वाद्य तोंडाला लावू द्यावे, मात्र फुंकू देऊ नये, म्हणजे पथक भरगच्च दिसेल आणि बेसूरही होणार नाही. यावर तू मला विचारतेस, "सर, यात इतके काय बिघडते?" त्याच पत्रात चार ओळी खाली पुण्याच्या एका वाद्यवृंदाकडून क्लॅरिनेटसाठी बोलावणे आल्याचे कळवतेस आणि विचारतेस की तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शाळेच्या बँड शिक्षकाच्या मागे शेवटी उरते तरी काय.

हे दोन निराळे प्रश्न आहेत असे तुला वाटते. माझ्या लेखी प्रश्न एकच आहे आणि उत्तरही एकच आहे: एकेकाला ऐक. पथक ऐकू नकोस, एकेक मूल ऐक. तुला शिकवत होतो तेव्हाही मी हे म्हणत असे, पण तेव्हा तू शिकणारी होतीस आणि हे वाक्य शिकवणाऱ्यासाठी आहे.

संगीताने मुलांवर किती संस्कार होतात आणि आपला पेशा किती थोर आहे, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. आठवीत असताना टोकाला चिरलेल्या रीडवर, क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसणाऱ्या त्या पातळ पट्टीवर, तू सव्वीस जानेवारीचे अख्खे संचलन वाजवलेस. त्या दिवसापासून हे सगळे तुला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

मागे काय उरते असे विचारतेस, म्हणून तुला शिकागोच्या एका हायस्कूलमधल्या बँड शिक्षकाविषयी लिहितो. त्यांचे नाव वॉल्टर हेन्री डायेट. पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकत असताना आमच्या तुकडीतल्या एका गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याकडून मी हे नाव प्रथम ऐकले आणि नंतर जिथे जिथे काही वाचायला मिळाले तिथे ते शोधत राहिलो. डायेट यांचा जन्म ११ जानेवारी १९०१ रोजी मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफ या गावी झाला. व्हायोलिन लहानपणापासून हातात होते, पण व्हायचे होते डॉक्टर. वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि विसाच्या दशकाच्या सुरुवातीला ते शिकागोला आले. आई आणि बहीण यांचा भार अंगावर असल्याने ते शिक्षण सुटले आणि व्हायोलिनवर पोट भरणे भाग पडले. तो मूकपटांचा काळ होता, मोठ्या थिएटरांत पडद्यासमोर अख्खा वाद्यवृंद बसत असे, आणि शिकागोच्या व्हेन्डोम थिएटरातला अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद कृष्णवर्णीय वस्तीत नावाजलेला होता. डायेट त्यात व्हायोलिन वाजवत. त्याच वाद्यवृंदात विसाच्या दशकात टेडी वेदरफर्ड नावाचा पियानोवादक होता, तो पुढे आशियात आला आणि आपल्या मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. गोव्याच्या वादकांनी जाझ ज्यांच्याकडून कानाने उचलले, त्यांत तो मोठा माणूस होता. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने तो गेला. आमच्या ट्रम्पेटवाल्याला डायेट यांचे नाव माहीत होते ते या वाटेने. एकाच थिएटरातून निघालेला एक माणूस जग फिरून आला आणि दुसऱ्याने शिकागोतल्या एका शाळेचे दार धरले ते सोडले नाही, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

आठव्या रेजिमेंटचा बँड त्यांनी चालवला, ही इलिनॉयच्या नॅशनल गार्डमधली कृष्णवर्णीयांची पलटण होती. त्यामुळे मुले त्यांना जन्मभर 'कॅप्टन' किंवा नुसते 'कॅप' म्हणत राहिली. १९३१ साली ते वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये संगीत शिकवू लागले. तिथे त्यांच्याआधी मेजर क्लार्क स्मिथ यांनी बँडची घडी बसवली होती. हे तेच स्मिथ, ज्यांच्या हाताखाली वर्तमानपत्र विकणाऱ्या पोरांच्या बँडमध्ये पुढे स्वतःचा मोठा जाझ बँड चालवणारा लायोनेल हॅम्पटन शिकला. १९३५ साली शाळेची नवी इमारत उघडली, पुढच्या वर्षी तिला दुसाबल हायस्कूल हे नाव मिळाले, आणि डायेट तिथे १९६२ पर्यंत होते. दोन्ही शाळा मिळून एकतीस वर्षे. नोकरी सांभाळून त्यांनी संगीतातली पदवी घेतली आणि मग पदव्युत्तर पदवीही घेतली. १७ नोव्हेंबर १९६९ रोजी ते वारले. आयुष्यातल्या ठळक घटना म्हणशील तर एवढ्याच, एका पानावर मावतील अशा.

आता त्यांच्या कानाविषयी सांगतो. त्यांचे विद्यार्थी म्हातारपणी मुलाखती देताना एक गोष्ट फिरून फिरून सांगत असत. शंभरएक मुलांचा बँड पूर्ण आवाजात वाजत असायचा, मागच्या रांगेत कोणाचा तरी सूर चुकायचा, कॅप हात वर करून सगळे थांबवायचे आणि थेट त्या मुलाकडे बोट दाखवायचे. मुलांना ही जादू वाटे. मी सदतीस वर्षे शाळेत बँड शिकवला आहे आणि तुला शपथेवर सांगतो की यात जादू नाही. शंभर मुलांतला चुकलेला एक ओळखायचा तर त्या शंभरांतला प्रत्येक जण एकटा कसा वाजवतो हे आधीच कानात बसलेले असावे लागते. ते एका दिवसात बसत नाही आणि पथक एकदम वाजवून घेऊन तर मुळीच बसत नाही. बासष्ट जण एकदम वाजवत असताना तुला जे ऐकू येते ती सरासरी असते. सरासरीला ना श्वास असतो, ना दात, ना घाबरटपणा, आणि मूल दुरुस्त करायचे असते ते या तीन ठिकाणी.

दुसाबलमधून किती नामवंत बाहेर पडले याची यादी सगळेच देतात. नॅट किंग कोल फिलिप्समध्ये त्यांच्या हाताखालून गेला, डायना वॉशिंग्टन आणि डोरोथी डोनेगन याही त्यांच्याच विद्यार्थिनी. ही यादी माझ्या दृष्टीने फारशी महत्त्वाची नाही, कारण नामवंत विद्यार्थी हा शिक्षकाचा पुरावा मानला तर ज्यांची मुले नामवंत झाली नाहीत ते सगळे आपण नापास ठरवू. मला त्या यादीतली एकच गोष्ट थक्क करते आणि ती तू स्वतः कानांनी पडताळून पाहावीस. एकाच शिक्षकाच्या हाताखालून टेनर सॅक्सोफोनवाले किती निघाले ते पाहा: जीन अमन्स, व्हॉन फ्रीमन, जॉनी ग्रिफिन, जॉन गिलमोर, क्लिफर्ड जॉर्डन, एडी हॅरिस. आता यांच्या रेकॉर्डिंगा एकापाठोपाठ एक लाव. अमन्सचा सूर रुंद, भरदार, दोन सुरांनी खोली भरून टाकणारा. ग्रिफिनचा वेग असा की मागचा सूर विरण्याआधी पुढचे चार येऊन पडतात. फ्रीमनचा सूर ठरल्या जागेच्या किंचित आजूबाजूला फिरतो, आणि हा माणूस शिकागो न सोडता म्हातारपणापर्यंत तिथल्या तरुणांना सोबत घेऊन वाजवत राहिला. गिलमोर सन रा यांच्या वाद्यवृंदात गेला आणि सॅक्सोफोनमधून लोकांनी न ऐकलेले आवाज काढू लागला. हॅरिसने त्याच वाद्याला वीज जोडली. एक वाद्य, एक शाळा, एक गुरुजी, आणि यांतले कोणतेही दोघे एकमेकांसारखे वाजवत नाहीत. आपल्याकडे एखाद्या घराण्याचा शिष्य दोन आवर्तनांत ओळखू येतो आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो, तो मी कमी लेखत नाही. पण शाळेतल्या बँडमध्ये असे व्हायला शिक्षकाने प्रत्येक पोराचा स्वतःचा आवाज कुठे आहे हे आधी ऐकलेले असले पाहिजे आणि मग त्यावर आपला आवाज लादायचा मोह आवरलेला असला पाहिजे. एकेकाला ऐक असे मी म्हणतो तेव्हा मला हे म्हणायचे असते.

ग्रिफिनचे उदाहरण घे. पोरगा अंगाने लहानखुरा. अमन्सला ऐकून त्याने ठरवून टाकले होते की टेनरच वाजवायचा, आणि हेच मागणे घेऊन तो कॅप्टनकडे गेला. त्यांनी त्याच्या हातात क्लॅरिनेट दिले, पुढे ओबो आणि इंग्लिश हॉर्नसुद्धा वाजवायला लावले. १९४५ साली शाळा संपते न संपते तोच, वयाच्या सतराव्या वर्षी, लायोनेल हॅम्पटनच्या बँडमध्ये त्याला जागा मिळाली आणि तिथे त्याला टेनर हातात घ्यावा लागला. बोटे आणि ओठ तोवर तयार झालेले होते. मुलाला हवे ते न देणे ही क्रूरता वाटेल, पण ज्याने त्या मुलाला एकट्याला बसवून ऐकले आहे त्यालाच हे न देण्याचा अधिकार आहे. न ऐकता नकार देणारे मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक आपल्याला पावलोपावली भेटतात.

आणि रिचर्ड डेव्हिस. हा मुलगा लाजरा होता. डबल बेस त्याने निवडला त्याचे एक कारण त्यानेच पुढे सांगितले आहे की हे वाद्य मागे उभे राहून वाजवायचे असते आणि त्याला मागेच राहायचे होते. त्याला मागेच राहू देणे किती सोपे होते! तू सध्या ज्या मुलांना रांगेत नुसते उभे करायच्या बेतात आहेस, त्यांतले निम्मे असेच मागे राहू पाहणारे असतील, याचा विचार केलास का? हा मुलगा शाळेत असतानाच शिकागो सिंफनीतल्या बेसवादकाकडे शिकला, स्ट्राविन्स्की आणि बर्नस्टाइन या नामवंत संगीतकारांच्या हाताखाली वाजवले, आणि १९७७ पासून जवळजवळ चाळीस वर्षे विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात स्वतः शिकवत राहिला.

कॅप्टनच्या कडकपणाच्या कथा पुष्कळ आहेत. तालमीतून हाकलून देणे, झाडणे, उशिरा आलेल्याला आत न घेणे. त्यांचे विद्यार्थी त्या प्रेमाने सांगतात, पण मला त्या तितक्या आवडत नाहीत, कारण अशा कथा ऐकून आपल्याकडचे शिक्षक कान सोडून नुसता कडकपणा उचलतात. तो कडकपणा कुठून आला हे समजून घे. कृष्णवर्णीयांना घर विकू नये, भाड्याने देऊ नये असे करारच्या करार शिकागोत होते, आणि १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना त्यांची अंमलबजावणी करण्यास मनाई करेपर्यंत ते बिनदिक्कत चालत. त्यामुळे दक्षिणेकडून आलेली लाखो माणसे शहराच्या एका पट्ट्यात कोंबलेली होती आणि दुसाबलचे वर्ग ओसंडत होते. वादकांची संघटनासुद्धा वेगळी होती, गोऱ्यांची एक आणि कृष्णवर्णीयांची लोकल २०८ ही दुसरी. त्या दोन एक व्हायला १९६६ साल उजाडले. अशा मुलांसाठी दार उघडलेच तर एकदाच किलकिले होणार आणि तेव्हा चुकून चालणार नाही, हे त्या माणसाला पक्के माहीत होते. वाद्ये आणि गणवेश यांसाठी पैसा लागायचा म्हणून 'हाय जिंक्स' नावाचा मुलांचा नाच-गाण्यांचा कार्यक्रम ते दरवर्षी उभा करत, वस्ती तिकिटे काढून बघायला येई. तुला मात्र स्नेहसंमेलनाची तीन गाणी बसवायची म्हणजे कलेचा अपमान वाटतो, असे तू लिहिले आहेस. हे वाचून मला खरोखर चीड आली. बसव की गाणी. चांगली बसव, आणि त्या पैशातून रीड आण.

आता तू म्हणशील की सर, बासष्ट मुले, आठवड्याला पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका, एकेकाला कधी ऐकू? हा हिशेब मी तुझ्याआधी मांडलेला आहे. हजेरी सुरांनी घे. नाव पुकारल्यावर "हजर" म्हणण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या वाद्यावर एक लांब सूर लावायचा, आठ सेकंद, आणि खाली बसायचे. बासष्ट मुलांना साडेआठ मिनिटे लागतात. शेवटची अकरा वर्षे मी प्रत्येक तासिका अशीच सुरू केली. आठ सेकंदांत काय काय कळते ते तुला करून पाहिल्याशिवाय पटणार नाही: कोणाचा श्वास छातीतच अडकतो, कोण गाल फुगवतो, कोणाच्या रीडची कड उडाली आहे, कोण सूर लावण्याआधी शेजाऱ्याच्या बोटांकडे बघतो, कोण काल रात्री घरी रडला आहे. सगळेच एकेकटे वाजवतात, त्यामुळे कच्च्याला वेगळे काढल्यासारखेही होत नाही. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये मेस्त्री, म्हणजे तिथले संगीत शिक्षक, पोरांकडून एकेकाकडून सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावे घेत गायचे धडे, म्हणून घेत, आणि तिथून शिकून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. आमचा ट्रम्पेटवाला सांगे की एकट्याने म्हणताना पाय लटपटायचे, पण गुरुजींनी आपल्याला ऐकले आहे हे घरी जाताना कळलेले असायचे.

हे सगळे मी पहिल्या दिवसापासून करत होतो असे तुला वाटू नये, म्हणून पुढचे लिहितो. तुझ्या आधीच्या कोणाही विद्यार्थ्याला मी हे सांगितलेले नाही.

मी एकतीस वर्षांचा होतो, नोकरीत कायम झालो नव्हतो, आणि त्या वर्षी स्पर्धेची ढाल आली नाही तर पथक बंद करू असे संस्थेने स्पष्ट सांगितले होते. सातवीतला एक मुलगा युफोनियम, ते जाड आवाजाचे मोठे पितळी वाद्य, वाजवत असे. वडील गिरणीतून सुटलेले, आई पोळ्या लाटायला जायची. मुलगा वेळेवर यायचा, वाद्य फडक्याने पुसून ठेवायचा, पण त्याचा सूर कधी लागतच नसे. फुसफुस करत यायचा आणि मधेच मोडायचा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, "उद्या तू फक्त तोंडाला लाव, फुंकू नको." तो "हो सर" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मैदानावर तो चौथ्या रांगेत ताठ उभा राहिला, बोटे बरोबर हलवत होता, गालसुद्धा अगदी इतरांसारखे हलवत होता, आणि एकदाही फुंकले नाही. ढाल आली. छायाचित्रात तो आहे. पुढच्या सोमवारी त्याने वाद्य कपाटात नेऊन ठेवले, वर फडके घडी करून ठेवले, आणि पुन्हा आला नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी वाद्ये धुवायला काढली. त्याच्या युफोनियमची पाणी काढायची चावी उघडून पाहिली तर तिच्यातले बूच अर्धे झिजून गेलेले होते. तिथून वारा निसटत होता. त्या वाद्यावर मीही फुंकून पाहिले तेव्हा माझाही सूर फुसफुसत आला आणि मधेच मोडला. वाटाण्याएवढे बूच होते ते. आठ महिने तो मुलगा माझ्यासमोर बसला होता आणि मी एकदाही त्याला एकटे वाजवायला लावले नव्हते. लावले असते तर कोणत्याही शहाण्या बँडवाल्याला पहिल्याच सुराला कळले असते की दोष पोरात नसून चावीत आहे.

मी स्वतःला पुष्कळ समजावले आहे. ढाल आली म्हणून पथक टिकले, ते पुढे कितीतरी वर्षे चालले, शेकडो मुलांच्या हातात वाद्य आले, तूसुद्धा त्याच पथकातून आलीस, आणि त्या दिवशी तो फुंकला असता तर यातले काहीच झाले नसते. हे खोटे नाही. आजही कोणी मला विचारले तर मी हे सांगेन आणि आवाज चढवून सांगेन. मात्र रात्री जाग येते तेव्हा मला शेकडो मुले आठवत नाहीत. ती घडी घातलेली फडक्याची चौकट आठवते. त्या मुलाच्या घरी मी बूच सापडल्यावर गेलो होतो, तोवर ते खोली सोडून दुसरीकडे राहायला गेले होते. शोधायला हवे होते, तितके मी शोधले नाही. शाळा सुरू झाली, नवी मुले आली, आणि मी कामाला लागलो.

म्हणून तू जेव्हा विचारतेस की यात इतके काय बिघडते, तेव्हा माझ्याजवळ त्याचे उत्तर आहे आणि ते मी फार महाग घेतलेले आहे. पर्यवेक्षकांना सांग की बासष्टच्या बासष्ट वाजवतील. जे मूल सहा सुरांपुढे जात नाही त्याच्यासाठी सहा सुरांचा पार्ट लिही. ज्याला दोनच सूर येतात त्याला खालचा सा आणि पंचम दे आणि ते योग्य मात्रेवर येऊ देत. पार्ट लिहायला बसशील तेव्हा कळेल की एकेकाला ऐकल्याशिवाय ते लिहिताच येत नाहीत. नंबर जाईल. जाऊ दे. आणि नंबर गेल्यामुळे नोकरी गेली तर मला कळव, संस्थाचालकांना पत्र मी लिहीन, माझे वय झाले असले तरी अक्षर अजून चांगले आहे.

राहिले पुण्याचे बोलावणे. जायचे असेल तर जा. वाजवण्याची भूक असलेल्या माणसाने ती मारून शिकवायला बसू नये, तसे शिक्षक मुलांवर सूड उगवतात, हे मी पाहिले आहे. शनिवार-रविवार वाद्यवृंद आणि बाकी दिवस शाळा असे जमत असेल तर तसे कर, कॅप्टनही थिएटरातूनच शाळेत आले होते आणि वादकांच्या दुनियेशी त्यांचे नाते तुटले नव्हते. मात्र त्यागाची भाषा माझ्यापुढे करू नकोस. आणि जाणार असशील तर डिसेंबरच्या आधी जाऊ नकोस. त्या बासष्टांपैकी चाळीसजणांना आपण वाजवण्याच्या लायकीचे नाही असे वाटत असताना तू निघून गेलीस, तर ते तसेच वाटत राहील.

मागे उरण्याविषयी एकच गोष्ट सांगायची राहिली. १९७२ साली शिकागोत वॉशिंग्टन पार्कजवळ एका शाळेला वॉल्टर डायेट यांचे नाव दिले गेले. पुढे त्या भागातल्या शाळा एकामागून एक बंद होऊ लागल्या आणि २०१२ साली हीही टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले. २०१५ च्या उन्हाळ्यात ती बंद झाली, तेव्हा त्या वस्तीतली बारा माणसे, पालक, आजी, शिक्षक, शाळेसाठी उपोषणाला बसली. ते ३४ दिवस चालले. सप्टेंबर २०१६ मध्ये कलांवर भर देणारे हायस्कूल म्हणून ती पुन्हा उघडली. हे उपोषण डायेट यांच्या नावासाठी होते असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे त्या माणसांवर अन्याय ठरेल. त्यांना आपल्या वस्तीत कोणत्याही मुलाला निवडपरीक्षेविना आत घेणारी शाळा हवी होती. कोणतेही मूल, हे शब्द मी अधोरेखित करतो, कारण कॅप्टनच्या बँडमध्ये बसणारी मुलेही वस्तीतून जशी येतील तशी आलेली होती.

या पत्रासोबत क्लॅरिनेटच्या दोन नंबरच्या रीडची एक पेटी पाठवत आहे. लहान मुलांना अडीचची देऊ नकोस, ओठ दुखले की ती पळतात. एका पुडीत पाण्याच्या चाव्यांची बुचे आहेत, चाळीस तरी असतील. आजच संध्याकाळी सगळी पितळी वाद्ये काढून प्रत्येक चावी उघडून बघ. सोबत दोनशे पानी वही आहे, तिची पहिली बासष्ट पाने मी आखून ठेवली आहेत. एका पानावर एक नाव, खाली वाद्य, आणि त्याखाली त्या मुलाने एकट्याने लावलेला पहिला सूर कसा होता ते. गुण देऊ नकोस, जे ऐकलेस तेच लिही. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस तुझ्या गावी येणार आहे. माझ्यासाठी जेवणाचा घाट घालू नकोस. वही भरून ठेव आणि ज्यांची पाने लिहिताना तुला काही सुचले नाही त्या मुलांना वाद्ये घेऊन बोलावून ठेव. आपण दोघे त्यांना ऐकू.

तुझा,
सर